भाऱ्यामागे एक ठोंब

काका,

तुमच्या शोकसभेत पाच जण बोलले. एकानेही गवताचं नाव घेतलं नाही.

दानशूर म्हणाले. धर्मपरायण म्हणाले. मंदिराच्या फरशीचा उल्लेख तिघांनी केला. एकाने तर तुम्ही किती शांत होतात यावर दहा मिनिटं घेतली. तुम्ही अन् शांत. मला दुकानाच्या पायरीवर उभं करून भर बाजारच्या दिवशी तुम्ही काय काय ऐकवलंय, ते या माणसाने ऐकलेलं दिसत नाही. शेवटी माइक माझ्याकडे आला. मी मान हलवली आणि पुढच्याला दिला. लोकांना वाटलं, पोरीला रडू आलं. रडू नव्हतं आलं. तुमच्याबद्दल खरं बोलायचं तर आधी माझ्याबद्दल खरं बोलावं लागलं असतं, आणि ते मला त्या दिवशी जमलं नाही. म्हणून आता लिहितेय.

गावाच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी आपलं गायरान आहे. त्यातलं मारवेल गवताचं कुरण वीस-बावीस वर्षं तुम्ही सांभाळलंत. गायरान तुमच्या मालकीचं नव्हतं, तुमच्या दारात जनावरही नव्हतं. धोतराचा काचा वर खोचून एक मारवाडी किराणा दुकानदार रोज सकाळी गवत बघायला का जातो, याचं गावाने आपापलं उत्तर काढलं होतं. कोणी म्हणे शेठला घोडं घ्यायचंय. कोणी म्हणे खाली धन पुरलंय. तुम्हाला विचारलं तर म्हणायचात, "माझे आजोबा राजस्थानातून आले, तेव्हा त्यांना इथलं गवत बघून भोवळ आल्ती. तिकडं गवत बघायला जातात माणसं, इकडं तुडवायला." तुम्ही स्वतः राजस्थान दोनदाच पाहिलं होतं, दोन्ही वेळा लग्नाला, आणि दोन्ही वेळा तिथल्या जेवणाने पोट बिघडवून आला होतात.

माझी तुमची गाठ पडली ती आषाढाच्या अखेरीस. मी नुकतीच संभाजीनगरहून शिक्षण संपवून परत आले होते, घरोघर कसली ना कसली पत्रकं वाटत होते आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ काढत होते. तुम्ही जमिनीवर बसून मारवेलचं जुनं बेट फोडत होतात. मी मोबाइल समोर धरला.

"हातातलं ठेव आधी," तुम्ही म्हणालात. "खाली बस. चिखल लागतो, लागू दे."

मी बसले. तुम्ही बेटातून दोन-तीन काड्यांचा मुळासकट तुकडा वेगळा केला. हा ठोंब. वरची पानं छाटून वीतभर ठेवली. खुरप्याने खड्डा केला, ठोंब बसवला, माती ओढली आणि उठून त्यावर टाच दिलीत.

"आता तू दे. जोरात न्हाई. अन् बाळाला थोपटल्यासारखी बी न्हाई. बराबर दे."

"बराबर म्हणजे किती?"

"बराबर म्हणजे बराबर. पत्रकात लिव्हायचंय का तुला?"

तेव्हापासून मी तुमच्यासाठी पत्रकबाई झाले. माझं खरं नाव तुम्ही घेतलेलं मला आठवत नाही.

त्या दिवशी आजूबाजूला दहा-बारा बायका ठोंब लावत होत्या. मला वाटलं, तुम्ही मजूर लावलेत. मी लगेच विचारलं, यांना काय देता? तुम्ही हसलात. शेवटच्या गल्लीतल्या रुख्मामावशी, ज्यांच्याकडे जमीन नाही आणि एक म्हैस आहे, त्या माती झटकत म्हणाल्या, "आम्ही नेलेलं लावून राह्यलो, बाई." हिवाळ्यात जिने डोक्यावरून गवताचे जितके भारे नेले, तिने पुढच्या पावसाळ्यात तितके ठोंब लावायचे. भाऱ्यामागे एक. हे कोणी लिहून ठेवत नव्हतं. ज्याचं त्याला आठवायचं. कधी एखादी कमी लावायची, तर तुम्ही काही बोलायचा नाहीत, बाकीच्याच तिची चेष्टा करायच्या. कुरणाची राखण अशी चालायची आणि मला ती दिसली नाही. मला दिसलं एक जुनाट शेठ आणि दहा गरीब बायका. तसंच मी वहीत लिहिलं होतं. वही अजून आहे.

मग खडी क्रशरचं प्रकरण आलं. गायरान कागदावर पडीक आहे, डोंगराचा दगड चांगला आहे, तेव्हा जागा क्रशरला द्यावी, असा अर्ज तहसीलला पडला. सरपंचांचं मन त्या बाजूला होतं. मी पेटले. भोकरदनला जाऊन पत्रक छापून आणलं. लाल अक्षरात. 'गायरानात एकही विळा चालू देणार नाही. एकही जनावर शिरू देणार नाही. गवत हीच आमची साक्ष.' मला वाटलं, उंच उभं गवत दाखवलं की पडीक म्हणायची कोणाची छाती होणार नाही. ग्रामसभेत कापणीबंदी आणि चराईबंदीचा ठराव झाला. काटेरी तारेचं कुंपण आलं, लोखंडी फाटक आलं, फाटकाला कुलूप आलं. टाळ्या वाजल्या. तुमचा हात वर नव्हता. मी पाहिलं होतं.

सभेनंतर मी मुद्दाम दुकानावर आले, भांडायलाच.

"कुलूप कुणाला लावलं तू?" तुम्ही तराजू पुसत विचारलंत.

"क्रशरवाल्याला."

"क्रशरवाला फाटकातून येत न्हाई, पत्रकबाई. तो कागदातून येतो. फाटकातून रुख्मा येते."

"थोडे दिवस त्रास होईल बायकांना. लढ्यात होतो."

"त्रासाचं सोड. ज्याला नेता येत न्हाई, तो लावायला कशाला येईल?"

त्यावर मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल. म्हणाले, "काका, गवताला माणसाची गरज नाही. माणसाच्या आधीपासून गवत आहे." हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढच्या पत्रकात मी ते चौकटीत टाकलं. तुम्ही ते पत्रक दुकानाच्या भिंतीला चिकटवलं. मला तो सन्मान वाटला. आज कळतं, तुम्ही मला ते रोज वाचायला लावत होतात.

पहिल्या वर्षी कुरण असं आलं की बघत राहावं. मांडीपर्यंत गवत, वारा आला की पाण्यासारखं वळायचं. मी फोटो काढले, ते कुठे कुठे पोहोचले. बाहेरगावचे लोक बघायला आले. मी त्यांना फाटकाबाहेरून कुरण दाखवायचे आणि बोलायचे. तुम्ही आत यायचा नाहीत, कारण ठराव तुम्हालाही लागू होता. तारेच्या बाहेरून चालायचात.

तिसऱ्या वर्षी पाऊस ओसरल्यावर तुम्ही मला म्हणालात, "चावी घे अन् चल." आत गेलो. वरून हिरवं होतं. तुम्ही एक बेट दोन्ही हातांनी फाकवलंत. आत गेल्या वर्षीच्या आणि त्याच्या आधीच्या वाळक्या काड्यांचा गिच्च थर. मधोमध काळं, पोकळ. हिरवं फक्त कडेने, बांगडीसारखं.

"मधून मेलं हे. वरचं वाळलेलं कुणी उतरवलंच न्हाई. अंगावर घेऊन कुठवर जगंल?"

"एका बेटावरून काही ठरवू नका."

तुम्ही आणखी पाच बेटं फाकवलीत. पाचही तशीच. प्रत्येकातली एक मूठ काळी काडी काढून माझ्या बुटांसमोर ओळीने ठेवलीत.

काका, मला त्या दिवशीच कळलं होतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला वाटत राहिलं की ही पोरगी हट्टी आहे, तिला समजत नाही. समजलं होतं. मी फक्त हिशोब मांडला की आत्ता आपण कापणी खुली केली तर सरपंच म्हणतील, बघा, यांनाच यांचं पत्रक पटत नाही. मग क्रशर येईल. म्हणून तुम्हाला म्हणाले, एक वर्ष जाऊ द्या.

"मंग गवताला तसं सांग," तुम्ही म्हणालात. "एक साल थांब म्हणावं, पत्रकबाईचं काम चालू हाये."

ते साल थांबलं नाही. मार्चमध्ये आग लागली. मी जालन्याला एमआयडीसीत एका रोलिंग मिलच्या फाटकावर कामगारांना दुसरं एक पत्रक वाटत होते. फोन आला तेव्हा दुपार होती. बस मिळून भोकरदनमार्गे गावात पोहोचले तोवर सगळं संपलं होतं. तीन वर्षांचं वाळकं गवत होतं, त्याला किती वेळ लागतो.

तुम्ही बांधावर बसला होतात. हातात निंबाची फांदी, तिची पानं जळून गेलेली. धोतर काळं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं आणि पाणी मागितलं. बस, एवढंच. मी तुम्हाला त्याहून काही बोलायची संधी दिली नाही. मी रस्त्यावर उभ्या असलेल्या लोकांवर तुटून पडले. तुम्हाला लाज नाही वाटत का, ऐंशीला टेकलेला माणूस एकटा आग झोडतोय आणि तुम्ही मोबाइलवर शूटिंग करताय? रुख्मामावशी बोलल्या, आवाज न चढवता.

"आधी आग लागली की आम्ही घागरी घेऊन पळायचो. तेव्हा आमचं गवत होतं त्यात. आता काय होतं आमचं?"

त्यानंतर तुमचा खोकला गेला नाही. डॉक्टर म्हणतात, हृदयाचं होतं, धुराचा संबंध नाही. मला डॉक्टरांचं पटवून घ्यायचंय. रोज सकाळी पटतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं. कुरणाकडे गेले की तो खोकला ऐकू येतो, दोन लहान आणि एक लांब, तुमचा ठरलेला. गवतात पांढरं काही दिसलं की पाय थबकतात. बगळा असतो. दर वेळी बगळाच असतो. आणि दर वेळी मी आधी तुम्हाला काय सांगायचं ते जुळवायला लागते.

पावसाळ्यात राखेतून मारवेल परत फुटली. मुळं खोल असतात, तुम्हीच सांगितलं होतं. पण मेलेल्या बेटांच्या जागा मोकळ्या राहिल्या आणि तिथे कुसळी घुसली. तिची टोकं कपड्यात शिरतात, शेळीच्या तोंडात रुततात. तुम्ही रोज सकाळी पिशवीत ठोंब घेऊन जायचात, हे मला घरी सांगत होते. फाटकाचं कुलूप तुम्ही कधीच काढून टाकलं होतं, तेही कळलं. मी आले नाही. दोनदा रस्त्यावरून पाहिलं. वाकलेली पाठ दिसली आणि मी गाडी वळवली. पत्रकं वाटायला मला गावोगाव वेळ होता.

आपलं शेवटचं बोलणं दुकानाच्या दारात झालं. तुम्ही म्हणालात, "दोन ऑक्टोबरच्या सभेत बोल. पत्रक चुकलं म्हण. विळा खुला कर."

"मी चुकले म्हटलं की ते म्हणणार, चळवळच चुकली."

"म्हणू दे."

"तुम्हाला म्हणणं सोपं आहे, काका."

"मला? मला तर आता दुकानाची पायरी बी सोपी न्हाई." तुम्ही हसलात, मग खोकलात. आतून काकूंनी चहाला हाक मारली. मी गाडीला किक मारली. चहाला थांबले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न फालतू आहे. तरी येतो.

अकरा दिवसांनी तुम्ही गेलात.

तिसऱ्या दिवशी मी कुरणात गेले. पाऊस उघडून आठवडा झाला होता, चिखल वाळून टणक झाला होता. जळक्या पट्ट्यात तुम्ही लावलेले ठोंब ओळीने उभे होते. प्रत्येकाच्या बुडाशी एक खोलगट खूण. तुमच्या रबरी चपलेची टाच. मी ओळीने चालत गेले. ठोंब, टाच. ठोंब, टाच. माणूस गेला होता आणि त्याचं पाऊल प्रत्येक ठोंबापाशी थांबलेलं होतं. पुढे पुढे टाच उथळ होत गेली. शेवटी शेवटी ठोंब नुसता हाताने दाबला होता, बोटं उमटली होती. तिथे मी बसले.

आणि मग मला त्याच्या पलीकडचं दिसलं. ओळी तिथे संपत नव्हत्या. वर, पार खडकापर्यंत गेल्या होत्या. तिथल्या टाचा अनवाणी होत्या. लहान, रुंद, भेगा पडलेल्या. एकीच्या नाही, कितीतरी जणींच्या.

मी तशीच रुख्मामावशींच्या दारात गेले. त्या म्हशीला पाणी दाखवत होत्या.

"मावशी, वरचे ठोंब तुम्ही लावले?"

"लावले. आम्ही आठ-नऊ जणी गेल्तो."

"तुम्ही तर तीन वर्षांत एक भारा नेला नाही."

"शेठ म्हनले, आधी लावून घ्या. भारे नंतर नेता येतील. ती पोरगी सभेत उठून विळा खुला करनार हाये, म्हनले."

"कधी म्हणाले?"

"आषाढात."

"मी असं काही कबूल केलं नव्हतं, मावशी. आषाढात तर आम्ही यावर बोललोसुद्धा नव्हतो."

त्यांनी बादली खाली ठेवली. "आता ते तू अन् शेठ बघा. आम्ही तर लावून बसलो."

काका, मला तुमचा इतका राग आला की तिथेच म्हशीसमोर मी तुम्हाला शिवी दिली. माझा शब्द मला न विचारता तुम्ही देऊन टाकलात. मी नाही म्हणत होते तेव्हाही तुम्ही तिकडे बायकांना माझ्या हो वर ठोंब लावायला पाठवत होतात. आणि मग बाजूला झालात. आता भांडायचं कोणाशी? आयुष्यात माझ्यावर कोणी एवढा विश्वास टाकला नव्हता, हेही त्याच रागात होतं. दोन्ही वेगळं करता येत नाही अजून.

दोन ऑक्टोबरला मी उठले. आदल्या दोन दिवसांत तीनदा भाषण लिहिलं आणि फाडलं, कारण प्रत्येक वेळी त्यात 'परिस्थिती' हा शब्द येत होता. तुम्हाला तो शब्द सहन झाला नसता. शेवटी एवढंच म्हणाले की कापणीबंदीचं पत्रक माझं होतं आणि ते चुकीचं होतं. न कापल्यामुळे बेटं मधून मेली. बंदीमुळे लावणारे हात बंद झाले. वाळकं साठलं म्हणून आग एवढी पसरली. आणि हे मला आगीच्या आधीपासून माहीत होतं. शेवटच्या वाक्याला मंडपात चुळबूळ झाली.

सरपंच याचीच वाट बघत होते. "म्हणजे गायरान पडीकच आहे. आम्ही तीन वर्षं हेच म्हणतोय."

"पडीक नव्हतं. पडीक मी केलं."

"मग ताई, तुमची बाकीची पत्रकं पण अशीच का?"

लोक हसले. मीही बहुतेक हसले असेन. म्हणाले, "वाचून बघा. चुकलेली सापडली तर मला सांगा." याहून बरं उत्तर मला अजूनही सुचलेलं नाही.

मग मागून रुख्मामावशी उठल्या. सभेत त्या कधी बोललेल्या कोणाला आठवत नाही. "पडीक जाग्यावर आम्ही ठोंब लावले का? या बघायला. अनवाणी या, म्हंजे कुसळी कुठं हाये अन् मारवेल कुठं हाये ते कळंल." एकेक बाई उभी राहिली. हात मोजायची वेळ आली तेव्हा सरपंचांनी आधी स्वतःचा हात वर केला. तेवढं राजकारण त्यांना येतं.

विळा खुला झाला. भाऱ्यामागे एक ठोंब, हे पहिल्यांदा ठरावात लिहिलं गेलं. ग्रामसेवकांनी विचारलं, ठोंब म्हणजे काय लिहू? नऊ बायका एकदम सांगायला लागल्या. तुम्ही हवे होतात. क्रशरचा अर्ज अजून तहसीलला पडून आहे, आणि तो जिंकला नाही तसा हरलेलाही नाही. माझं नाव मात्र दोन्ही बाजूंनी खराब झालं. शेजारच्या गावातल्या माझ्याच कार्यकर्त्यांनी फोन बंद केलेत. ते मी भोगीन.

सभा संपल्यावर बायका माझ्याभोवती जमल्या. एकीने विचारलं, "मंग कापणी कधी धरायची?"

दरवर्षी हे तुम्ही सांगायचात. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "घाई न्हाई. बी पडू द्या आधी. मंग बराबर सांगते." तुमच्या चालीत. 'न्हाई' मी कधी म्हणत नाही. एकीने पदर डोक्यावर घेतला. सगळ्या माना हलवून निघाल्या.

मी घाबरले. बी कधी पडतं ते मला माहीत नव्हतं. मी पुन्हा एकदा ठाम आवाजात, न कळलेली गोष्ट नऊ जणींच्या गळी उतरवली होती, आणि या वेळी तर आवाजही माझा नव्हता. मी पळत जाऊन त्यांना गल्लीच्या तोंडाशी गाठलं.

"मावशी, थांबा. मला माहीत नाही. कापणी कधी धरायची ते मला खरंच माहीत नाही."

रुख्मामावशी थांबल्या. "शेठला तरी कुठं माहीत राहायचं? रोज सकाळी येऊन तुरा बोटांत धरून ओढून बघायचे. बी सुटलं की निरोप. कधी दिवाळीच्या आधी, कधी नंतर. आम्ही हसायचो त्यांना, रोजच काय ओढतेत म्हनून."

मी हे कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं तुमच्याशी वाद घातला आणि तुम्ही सकाळी तिथे काय करायचात ते मी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून जाते. सातच्या सुमारास, चपला बांधावर काढून. खालच्या ओळीतून एक तुरा, मधल्यातून एक, खडकापाशी एक. बोटांत धरते आणि हलकेच ओढते. किती हलकेच, ते सांगायला कोणी नाही.

आज नववा दिवस, काका. बी अजून सुटत नाही.